अविची : एका इलेक्ट्रॉनिक संगीतकाराची कारकीर्द, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अविची म्हणजे नक्की कोण?

टिम बर्गलिंग नावाचा स्वीडिश संगीतकार. जन्म ८ सप्टेंबर १९८९ रोजी स्टॉकहोममध्ये, मृत्यू २० एप्रिल २०१८ रोजी ओमानमधल्या मस्कतजवळ, वयाच्या २८व्या वर्षी. जगभर गाजलेली कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची. नाव ऐकलं नसेल तरी ‘लेव्हल्स’ आणि ‘वेक मी अप’ ही गाणी तुमच्या कानावरून गेलेली असणारच. जिम, कॉलेजचं गॅदरिंग, लग्नाआधीच्या संगीताचा कार्यक्रम, कुठेही ती वाजत असतात.

तो डीजे होता की संगीतकार?

दोन्ही. पण या दोन कामांतला फरक समजून घेतल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीचं मर्म कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

वरातीपुढच्या ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला आपल्याकडे डीजे म्हणतात, ती इथे बाजूला ठेवू. क्लबमधला किंवा फेस्टिव्हलमधला डीजे तयार गाणी लय न तुटू देता एकमेकांना जोडत जातो. एक गाणं संपत आलं की दुसऱ्याचा वेग त्याच्याशी जुळवायचा, एकाचा बास कमी करत दुसऱ्याचा वर आणायचा, आणि समोरची गर्दी पाहून पुढचं गाणं निवडायचं. हे काम रात्रीचं, लोकांसमोरचं आणि प्रवासाचं.

प्रोड्युसर ती गाणी बनवतो. आपल्या चित्रपटसंगीतात चाल संगीतकाराची, वाद्यमेळ अरेंजरचा, वाजवणारे वेगळे आणि ध्वनिमुद्रण आणखी कुणाचं. इलेक्ट्रॉनिक संगीतात ही सगळी कामं बहुतेक वेळा एकच माणूस लॅपटॉपवर करतो. चाल, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), ड्रम, बास, सिंथचा म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आवाज, गायकाच्या आवाजावरचं काम आणि शेवटचं मिक्सिंग सगळं त्याचंच. हे काम बंद खोलीतलं असतं आणि त्यात तास कसे जातात ते कळत नाही.

टिम मनाने दुसऱ्या प्रकारातला होता. गाणं बनवणं हेच त्याचं खरं सुख. पण २०१०नंतरच्या या धंद्यात पैसा पहिल्या प्रकारात होता. गाणं हिट झालं की त्याच्या जोरावर शो मिळत आणि शोमध्ये एका रात्रीची रक्कम मोठी असे. ‘फोर्ब्स’ने २०१४ साली सर्वाधिक कमावणाऱ्या डीजेंची यादी छापली तेव्हा त्याची वर्षाची कमाई २.८ कोटी डॉलर धरली होती. अशा कमाईत मोठा वाटा शोचा असतो. खोलीत बसून चाली बांधणारा लाजाळू मुलगा स्टेजच्या अर्थकारणात ओढला गेला, आणि त्याच्या कारकिर्दीतल्या जवळजवळ प्रत्येक वळणामागे मला हाच ताण दिसतो.

नाव असं का?

बौद्ध ग्रंथांत ‘अवीचि’ हा सर्वांत खालचा नरक. हा शब्द त्याला एका मित्राकडून कळला. मायस्पेस या संकेतस्थळावर नेहमीचं स्पेलिंग आधीच कुणीतरी घेतलं होतं, म्हणून शेवटी आणखी एक ‘आय’ जोडला. त्याआधी तो टिम बर्ग या नावानेही गाणी काढायचा. २०१०चं ‘सीक ब्रोमान्स’ त्याच नावावर आहे.

सुरुवात कशी झाली? संगीताचं शिक्षण घेतलं होतं का?

संगीताच्या कुठल्या विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. घरात मात्र कलेचं वातावरण होतं. आई आन्की लिदेन ही स्वीडनमधली नावाजलेली अभिनेत्री, आणि भावंडांतही गाण्याची, नाटकाची ओढ. शाळेत असतानाच त्याने एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर गाणी रचायला सुरुवात केली. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर पूर्वी ‘फ्रूटीलूप्स’ म्हणून ओळखलं जायचं. त्यात पियानोच्या पट्ट्यांसारखी एक जाळी असते. माउसने चौकोन मांडायचे, की स्वर वाजतात. बोटं वाद्यावर बसलेली नसली तरी कानात चाल असेल तर ती इथे उतरवता येते. टिमच्या कानात चाली भरपूर होत्या.

त्या वेळी डच डीजे लेडबॅक ल्यूक याने इंटरनेटवर नवोदितांसाठी एक चर्चामंच चालवला होता. टिम तिथे आपली कच्ची गाणी टाकायचा आणि मिळालेल्या सूचनांवर पुन्हा काम करायचा. २००८ साली बीबीसी रेडिओ १चे पीट टाँग यांच्या नवोदित प्रोड्युसरांच्या स्पर्धेत त्याचं ‘मॅनमॅन’ हे गाणं जिंकलं. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता.

स्वीडन लोकसंख्येने मुंबईपेक्षाही लहान, पण पॉप संगीतात त्याचं वजन मोठं. अबा हा जगप्रसिद्ध गट तिथला, जागतिक हिट गाणी लिहिणारे मॅक्स मार्टिन तिथले, नृत्यसंगीतातली एरिक प्रिड्झ आणि स्वीडिश हाऊस माफिया ही मोठी नावं तिथली, स्पॉटिफायही तिथलंच. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संगीतशाळा तिथे गावोगावी आहेत. नृत्यसंगीतातसुद्धा आधी चाल पक्की हवी, हा आग्रह त्या हवेतच आहे असं मला वाटतं.

मॅनेजर अ‍ॅश पुर्नूरीबद्दल खूप उलटसुलट वाचायला मिळतं. खरं काय?

पुर्नूरीने २००८ साली त्याची गाणी ऐकून स्वतःहून संपर्क साधला. तेव्हा पुर्नूरीही विशीतलाच होता. त्याच्याकडे योजना होती, चिकाटी होती आणि या पोराचं नाव जगभर करायचं असा निश्चय होता. टिमने तोवर डीजे म्हणून काम केलेलं नव्हतं. ते तो या टप्प्यावर शिकला, कारण नाव व्हायचं तर स्टेजवर उभं राहावंच लागणार होतं.

पुढच्या पाच वर्षांत जे घडलं ते पुर्नूरीशिवाय घडलं नसतं, हे मान्य करायला हवं. शोची संख्या कुणी ठरवली, थकवा कुणाला दिसला आणि कुणाला दिसला नाही, हे प्रश्नही खरेच आहेत. टिमची आणि त्याची व्यावसायिक वाट २०१६च्या अखेरीस वेगळी झाली. सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणारी मांडणी मला पटत नाही. बुकिंग एजंट, क्लब, प्रायोजक, रेकॉर्ड कंपनी, तिकीट काढणारे चाहते, सगळ्यांना पुढचा शो हवा होता. तो रद्द झाला की प्रत्येकाचं नुकसान होत होतं, आणि ही जाणीव टिमच्या खांद्यावर असायची.

‘लेव्हल्स’मध्ये असं काय आहे?

ऑक्टोबर २०११मध्ये हे गाणं अधिकृतपणे बाजारात आलं. त्याआधी कितीतरी महिने तो ते शोमध्ये वाजवत होता. लोकांनी मोबाइलवर केलेली खरखरीत रेकॉर्डिंग इंटरनेटवर फिरत होती, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जो तो विचारत होता की हे गाणं मिळेल कुठे.

रचना सोपी आहे. मिनिटाला सुमारे १२६ ठोके, चार कॉर्डचं एक चक्र आणि त्यावर सिंथची एकच चाल. ती चाल पहिल्यांदा ऐकताना ओळखीची वाटते, दुसऱ्यांदा गुणगुणता येते. गाणं अर्ध्यावर आलं की ड्रम थांबतात आणि एका बाईंचा भरदार, चर्चमधल्या गायकीचा आवाज येतो. तो एटा जेम्स यांचा, त्यांच्या १९६२च्या ‘समथिंग्ज गॉट अ होल्ड ऑन मी’ या गाण्यातला. जवळजवळ पन्नास वर्षं जुना तो आवाज यंत्रांच्या मधोमध उभा राहतो आणि गाण्यात एकदम माणूस येतो. मग ठोके परततात, चाल पुन्हा उसळते. कीर्तनात गजर चढत जातो, टाळकरी क्षणभर थबकतात आणि मग सगळा मंडप एकदम उचलतो, तशी ती जागा आहे.

जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा असा वापरायचा तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात. एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी गीत-संगीताच्या हक्कदारांची. म्हणूनच ‘लेव्हल्स’च्या श्रेयनामावलीत टिम आणि पुर्नूरी यांच्याबरोबर एटा जेम्स, लीरॉय कर्कलंड आणि पर्ल वूड्स यांचीही नावं आहेत. एटा जेम्स यांचं निधन जानेवारी २०१२मध्ये झालं, म्हणजे हे गाणं क्लब गाजवत होतं त्याच हिवाळ्यात.

‘लेव्हल्स’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. त्याआधी फ्रेंच डीजे डेव्हिड गेटाबरोबरच्या ‘सनशाइन’लाही नामांकनापर्यंतच जाता आलं होतं.

‘वेक मी अप’ पहिल्यांदा वाजलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, हे खरं का?

खरं. आणि त्याच्या कारकिर्दीतला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो.

मार्च २०१३, मायामीचा अल्ट्रा म्युझिक फेस्टिव्हल. लोक ‘लेव्हल्स’सारखं आणखी काहीतरी ऐकायला जमलेले. टिमने सेटच्या, म्हणजे सलग वाजवण्याच्या कार्यक्रमाच्या, मध्येच स्टेजवर हाडामांसाचे वादक आणि गायक आणले. इन्क्युबस या रॉक बँडचा गिटारवादक माईक आइन्झिगर होता. अमेरिकेतल्या डोंगराळ भागाच्या ब्लूग्रास संगीतातला नामवंत गायक डॅन टिमिन्स्की होता. सोल गायक अ‍ॅलो ब्लॅक होता, ऑड्रा मे होती, कंट्री संगीतातले ज्येष्ठ मॅक डेव्हिस होते. बँजो आणि अकूस्टिक गिटार वाजू लागली. समोरची गर्दी गोंधळली, आणि त्या रात्री समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टर उडवली गेली. नृत्यसंगीताच्या मंडपात हे गावरान गाणं कशाला, असा सूर होता.

गाण्याची चाल आणि कॉर्ड टिम व आइन्झिगर यांनी एकत्र बसून रचली. शब्द आणि आवाज हवा होता म्हणून अ‍ॅलो ब्लॅकला बोलावलं. त्याच्याकडे काही ओळी आधीच लिहून ठेवलेल्या होत्या, त्या त्या चालीवर बसल्या. गाणं झटकन उभं राहिलं.

जूनमध्ये ते प्रकाशित झालं आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. क्लबमध्ये कधीच न गेलेली माणसं ते ऐकू लागली. सप्टेंबरमध्ये ‘ट्रू’ हा अल्बम आला. त्यात टिमिन्स्कीने गायलेलं ‘हे ब्रदर’ आहे आणि ऑड्रा मेने गायलेलं ‘अ‍ॅडिक्टेड टू यू’ आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत गिटार आणि ड्रॉप (थांबलेले ठोके एकदम जोरात परततात ती जागा) यांची सांगड घालणारी गाणी रेडिओवर रोजची झाली.

हातखंडा सोडून नवं करायला धैर्य लागतं, आणि टिमच्या हाताशी त्या वेळी जगातला सर्वांत विकाऊ हातखंडा होता. लोक चिडल्यावरही तो मागे हटला नाही. स्टेजवर उभं राहायला घाबरणारा हा माणूस संगीताच्या बाबतीत अजिबात घाबरत नव्हता.

तो स्टेजवर फक्त बटण दाबायचा, असं म्हणतात.

हा आरोप त्या काळातल्या सगळ्याच मोठ्या नावांवर झाला. मोठ्या फेस्टिव्हलमध्ये तास-दीड तासाच्या सेटला दिवे, पडद्यावरची दृश्यं, धूर आणि आगीचे लोळ जोडलेले असतात. ते सगळं वेळेवर व्हायचं तर गाण्यांचा क्रम बराचसा आधी ठरवावाच लागतो. लहान क्लबमध्ये पाच-सहा तास वाजवणाऱ्या डीजेचं कौशल्य वेगळं. तिथे गर्दी वाचता यावी लागते आणि टिम त्या परंपरेतला उस्ताद नव्हता. त्याचं मोल चालीत आहे. मंचावर तो जे वाजवत होता त्यातलं बरंचसं त्याने स्वतः रचलेलं होतं, आणि ते बटण दाबून होत नाही.

इतके शो केले म्हणजे नक्की किती? आणि प्रकृती त्यामुळेच बिघडली का?

आठेक वर्षांत आठशेहून जास्त. आकडा वाचून कल्पना येत नाही, म्हणून एका रात्रीचा हिशेब पाहू. सेट मध्यरात्रीनंतर, बऱ्याचदा दोनच्या सुमारास. त्याआधी मुलाखती, रेडिओसाठी आवाज देणं, चाहत्यांबरोबर फोटो. सेट संपतो तेव्हा कान बधिर आणि अंगात उत्तेजना, झोप येत नाही. चार-पाच तासांत विमान. दुसरं शहर, कधी दुसरा खंड, घड्याळ वेगळं. जेवण विमानतळावरचं. दारू मात्र प्रत्येक ठिकाणी हाताशी आणि फुकट, कारण या व्यवसायाचं कामाचं ठिकाणच मुळात बार आहे. स्टेजवर जाण्याआधीची भीती घालवायला टिम तिचा आधार घेऊ लागला.

जानेवारी २०१२मध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊन त्याला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात ११ दिवस काढावे लागले. वय २२. हा विकार अतिशय वेदनादायक असतो आणि अति मद्यपान हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक. तरी शो चालू राहिले. २०१३मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा रुग्णालय. मार्च २०१४मध्ये पित्ताशय आणि अपेंडिक्स काढावं लागलं, आणि अल्ट्राचा शो रद्द झाला. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली आणि त्यासाठी पुढे उपचारही घ्यावे लागले. २०१४च्या शरद ऋतूत उरलेल्या वर्षाचे सगळे कार्यक्रम त्याने रद्द केले.

कारणं एकात एक गुंतलेली होती, त्यांतलं एकच बाजूला काढून दाखवता येणार नाही. तरीही आजारी माणसाला विश्रांतीसाठी आधी कुणाचा तरी तोटा करावा लागतो, अशी ज्या धंद्याची घडण असते त्या धंद्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आणि याच काळात त्याने काय काय केलं तेही लक्षात ठेवावं. २०१२मध्ये ‘हाऊस फॉर हंगर’ नावाचा दौरा काढून अमेरिकेतल्या भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दहा लाख डॉलर दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये मुख्य कलाकार म्हणून वाजवणारा तो पहिला डीजे ठरला.

शो थांबवायचा निर्णय त्याने स्वतः घेतला का?

हो. मार्च २०१६मध्ये त्याने आपल्या संकेतस्थळावर पत्र लिहून जाहीर केलं की या वर्षानंतर शो करणार नाही. संगीत सोडत नव्हता, फक्त दौरे. त्या वेळी तो २६ वर्षांचा होता. शेवटचा शो २८ ऑगस्ट २०१६ रोजी स्पेनच्या इबिझा बेटावर, उशुआया या ठिकाणी झाला. त्याच्यावरच्या माहितीपटात या निर्णयाच्या आसपासची संभाषणं आहेत. पुढचे शो करता येणार नाहीत हे तो पुन्हा पुन्हा सांगतो आणि समोरची माणसं वेळापत्रकाबद्दल बोलत राहतात. मला ती दृश्यं एका बैठकीत पाहवली नाहीत.

त्यानंतरचं वर्ष त्याच्यासाठी बरं गेलं असं त्याच्या कामावरून वाटतं. प्रवास, वाचन, ध्यान आणि स्टुडिओ. ऑगस्ट २०१७मध्ये सहा गाण्यांचा ‘अवीची ०१’ हा छोटा संग्रह आला. सँड्रो कवाझाने गायलेलं ‘विदाउट यू’ त्यातलंच. आवाज मोकळा झालेला आहे, कुठल्याही फेस्टिव्हलच्या आराखड्यात बसवायची घाई त्यात नाही.

मृत्यूविषयी काय माहीत आहे?

एप्रिल २०१८मध्ये तो सुट्टीसाठी ओमानला गेला होता आणि तिथेच त्याचं निधन झालं. काही दिवसांनी कुटुंबाने जाहीर पत्र प्रसिद्ध केलं. अर्थ, जीवन आणि सुख यांविषयीच्या प्रश्नांशी तो झुंजत होता, त्याला आणखी पुढे जाणं शक्य झालं नाही, त्याला शांती हवी होती, असा त्या पत्राचा आशय होता. यापलीकडच्या तपशिलांची चर्चा या पानावर होणार नाही. कुटुंबाने जेवढं सांगितलं तेवढं पुरेसं आहे.

हे वाचताना तुमच्या स्वतःच्या मनात तसे विचार येत असतील तर कृपया एकट्याने सोसू नका. भारत सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही उपलब्ध आहे. घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला आजच सांगा.

त्याच्यानंतर काय झालं?

कुटुंबाने टिम बर्गलिंग फाउंडेशन स्थापन केलं. तरुणांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या रोखणं हा त्याच्या कामाचा गाभा. ५ डिसेंबर २०१९ रोजी स्टॉकहोमच्या फ्रेंड्स अरीनामध्ये मोठा स्मृती-कार्यक्रम झाला. मे २०२१मध्ये शहरातल्या ग्लोब या गोलाकार वास्तूला अविची अरीना हे नाव मिळालं. ती वास्तू उघडली १९८९ साली, म्हणजे त्याच्या जन्मवर्षी. २०२२मध्ये स्टॉकहोममध्येच त्याच्यावरचं एक संग्रहालयही सुरू झालं. त्याच वर्षी पॉपहाऊस या स्वीडिश कंपनीने त्याच्या गाण्यांच्या हक्कांतला ७५ टक्के वाटा घेतला, २५ टक्के कुटुंबाकडे राहिला. अबाचे ब्यॉर्न उल्व्हेअस हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक.

‘टिम’ हा अल्बम त्याच्या मागे पूर्ण केला. हे योग्य होतं का?

जून २०१९मध्ये आलेल्या या अल्बमची गाणी वेगवेगळ्या अवस्थांत राहून गेली होती. कार्ल फाल्क, विन्सेंट पोंतारे, सालेम अल फकीर, क्रिस्टोफर फोगेलमार्क, अल्बिन नेडलर अशा त्याच्याबरोबर काम केलेल्यांनीच ती पुरी केली. टिमने मागे ठेवलेल्या सूचना त्यांच्यापुढे होत्या, आणि उत्पन्न फाउंडेशनला दिलं गेलं. ‘एसओएस’साठी पुन्हा अ‍ॅलो ब्लॅकचा आवाज घेतला.

कलाकाराच्या पश्चात त्याचं अपुरं काम बाहेर काढण्याबद्दल मी एरवी साशंक असतो. कलाकार हयात असता तर त्यातलं अर्धं त्याने पुसून टाकलं असतं. इथे मात्र मला हे काम प्रामाणिक वाटतं. जे हात शेवटच्या महिन्यांत त्याच्या शेजारी बसून काम करत होते तेच यात आहेत, आणि भर घालण्याचा मोह त्यांनी आवरला आहे.

महाराष्ट्रात त्याचं संगीत थेट कुणी वाजवलं आहे का?

त्याच्या कामाचा सर्वांत मोठा सामूहिक अनुभव आपल्याकडे जानेवारी २०२५मध्ये आला, आणि आलेल्यांपैकी कित्येकांना ते ठाऊकही नसेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणं असतं. २०१४च्या या गाण्याच्या निर्मितीत टिमचा हात आहे. सुरुवातीच्या पियानोवरून गाणं ज्या पद्धतीने नाचाच्या ठोक्यात उडी घेतं, ती उडी त्याची आहे. फोन खिशात ठेवा असं त्यांचा गायक ख्रिस मार्टिन ज्या गाण्याच्या वेळी सांगतो ना, तेच हे गाणं.

मलाही प्रोड्युसर व्हायचं आहे. या कारकिर्दीतून हातात घेण्यासारखं काय?

हा प्रश्न सांगली-नाशिकपासून पुण्या-मुंबईपर्यंतच्या मुलामुलींकडून येतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

साधनांची अडचण आता फारशी नाही. साधा लॅपटॉप, एखादं सॉफ्टवेअर आणि बरे हेडफोन यांवर सुरुवात होते. टिमने ज्यावर काम केलं ते एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. चोरीची प्रत वापरू नका. सुरुवातीचे कित्येक महिने डीजेचं महागडं कन्सोल घेण्याची काही गरज नाही. आधी चाल. पियानोवर किंवा पेटीवर एका बोटाने वाजवून तुमची चाल कुणाला ऐकवा. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या लक्षात असेल तरच ड्रम मांडायला बसा. आपल्याकडे भावगीत, लावणी, भजन, गोंधळ असा चालींचा साठा आहे, आणि तो कानात असलेल्या मुलाला ऑनलाइन धडे देणाऱ्या कुणाहीपेक्षा जास्त भांडवल मिळालेलं आहे.

जुन्या गाण्याचा तुकडा घ्यायचा असेल तर ‘लेव्हल्स’ची श्रेयनामावली आठवा आणि परवानगी आधी मिळवा. गाणं दोघा-तिघांनी मिळून केलं तर कुणाचा किती टक्के वाटा, हे गाणं बाहेर काढण्याआधी कागदावर लिहून सही करा. मैत्री टिकवण्याचा हाच मार्ग आहे. संगीतकार किंवा गीतकार म्हणून मुंबईतल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या, म्हणजे तुमचं गाणं इतरत्र वाजतं त्याचं मानधन तुमच्यापर्यंत पोचायला वाट राहते.

मॅनेजर मिळाला तर करार वकिलाला दाखवून मगच सही करा. महिन्यात जास्तीत जास्त किती रात्री, सलग किती दिवस प्रवास, आजारी पडल्यास शो रद्द करण्याचा खर्च कुणाकडे, स्टुडिओसाठी वर्षातले कोणते महिने मोकळे, हे त्यात लिहून घ्या. विशीत हे मागायला संकोच वाटतो, आणि काम मिळतंय हेच खूप असं घरचेही म्हणतात. तरी मागा. टिमला हे चार मुद्दे पहिल्या करारात लिहून मिळाले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

‘लेव्हल्स’ पूर्ण लांबीचं ऐका, रेडिओसाठी कापलेलं नको. मग एटा जेम्स यांचं मूळ गाणं. त्यानंतर ‘ट्रू’ सलग, आणि त्यात ‘हे ब्रदर’ दोनदा. ‘द नाइट्स’ ऐका, त्यातला बापलेकाचा संवाद पुष्कळांना जवळचा वाटतो. मग ‘विदाउट यू’, शेवटी ‘टिम’. हे सगळं झाल्यावर मायामीचा २०१३चा सेट शोधा आणि बँजो सुरू होते तिथली गर्दी नीट पाहा. पुढच्या रांगेतल्या काहींना ते गाणं तेव्हाच आवडलेलं दिसतं.